पंच्याहत्तर किलो, एका खुंटीवर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली ती सकाळ. राधानगरीच्या पुढे, कोल्हापूरच्या रस्त्यावर, ८ वाजून १४ मिनिटांनी आमच्या बोटीचं इंजिन ट्रॉलीवरून सुटून रस्त्यावर पडलं. मागून मोटारसायकलवर दूध घेऊन येणारा माणूस त्यावर आदळला. सगळ्यांनी त्याला अपघात म्हटलं. मी म्हणत नाही, कारण त्या क्षणाआधीचा प्रत्येक तास मला पाठ आहे आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक तासाला ते इंजिन थांबवता आलं असतं. दर मे-जूनला आमच्या किनाऱ्यावरून आणि धरणांच्या काठांवरून अशा बोटी रस्त्याने निघतात. त्या निघण्याआधी हा हिशेब कुणीतरी वाचावा, म्हणून लिहितो आहे.

तीन वर्षं आधी

बोट एकोणीस फुटी, फायबरची. मागे चाळीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, वजन सुमारे ७५ किलो. जुनं इंजिन काढून हे बसवलं तेव्हा नवे बोल्ट जुन्या भोकांत बसेनात. नवी भोकं पाडली आणि जुनी दोन पुट्टीने बुजवली. बोल्टाभोवती सीलंट लावायचं राहिलं.

ज्या फळीवर इंजिन बसतं तिला ट्रान्सम म्हणतात. ती बाहेरून फायबरची दिसते, पण पोटात बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि ताकद त्या लाकडाची असते. एका बोल्टाच्या कडेने थेंब थेंब पाणी आत गेलं तरी लाकूड आतल्या आत भिजतं आणि कुजतं. वरचं फायबर मात्र पहिल्या दिवसासारखं गुळगुळीत राहतं. तीन हंगाम आम्ही त्याच बोटीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवले. पाण्यात इंजिनाने कधी कुरकुर केली नाही. पंखा पाण्याला मागे लोटतो, तेव्हा इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या कंसाचा खालचा भाग फळीवर दाबला जातो. तो दाब एकसारखा असतो आणि भिजलेली फळीसुद्धा तो बराच काळ सोसते. रस्त्याचे हिसके ती सोसत नाही.

नऊ दिवस आधी

शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने वर्गणी काढून आमची बोट घेतली. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. तेव्हापासून नदीकाठच्या गावांना आपली बोट आपल्या दारात हवी असते. व्यवहार ठरला आणि आठवड्याभरात पोहोचवतो म्हणून मी शब्द दिला.

रंगाचा हात मारायला आलेल्या मिस्त्रीने छोट्या हातोडीने मागची फळी ठोकून पाहिली. कडेला टणक आवाज आला. इंजिनाच्या कंसाखाली मात्र हातोडी ओल्या पुठ्ठ्यावर पडल्यासारखी भद्द वाजली. तो म्हणाला, "भाव, मागची फळी भिजली हा. उघडूक व्हयी."

उघडायची म्हणजे दहा-बारा दिवस आणि वर खर्च. "पाऊस संपल्यावर बघू," मी म्हणालो. त्याने पुन्हा एकदा ठोकलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातोडी पिशवीत टाकली.

आदली संध्याकाळ, ६.३० — तेरा तास चव्वेचाळीस मिनिटं शिल्लक

आमच्या स्वतःच्या ट्रॉलीचा अक्ष वाकला होता, म्हणून दुसरीकडून भाड्याने ट्रॉली आणली. जुन्या ट्रॉलीला मागच्या रुळाशी अडकणारा एक टेकू होता. साधी लोखंडी नळी, वरच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी रबर लावलेली बेचकी. इंजिन वर उचललं की त्याचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, त्या बेचकीत बसायचा. मग इंजिनाचं ओझं नळीतून थेट ट्रॉलीच्या लोखंडात उतरायचं आणि फळीला फार काही सोसावं लागायचं नाही. नव्या ट्रॉलीला मागे रूळच नव्हता. टेकू कुठे अडकवायचा ते कळेना, म्हणून तो शेडच्या भिंतीला टेकून राहिला.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "मशीन काढून जीपीत घालूया. अर्ध्या तासाचा काम."

त्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. पाऊणशे किलोचं इंजिन दोन-तीन माणसं उतरवू शकतात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढायचं, बोल्ट सोडवायचे, ट्रॉली ओढणाऱ्या जीपमध्ये गोणपाटावर निजवून बांधायचं. फोर-स्ट्रोक असेल तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच निजवायचं, नाहीतर तेल नको तिथे शिरतं. आमचं टू-स्ट्रोक होतं, त्यामुळे तीही अडचण नव्हती. पण बोल्ट रंगाखाली गेले होते, अंधार पडत होता आणि पहाटे निघायचं होतं. "सकाळी कोण तेवढा करतलो?" मी म्हणालो. दादा गप्प बसला. तेरा तासांनी जे घडलं ते थांबवणारी सर्वांत सोपी गोष्ट मी त्या एका वाक्यात बाद केली.

पहाटे ३.३० — चार तास चव्वेचाळीस मिनिटं

आमच्या तारकर्लीत वारा पडला होता. बॅटरीच्या उजेडात बोट ट्रॉलीवर चढवली. विंचचा हूक नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, अडकवला आणि बोटीच्या मधोमध एक पट्टा आवळला. मागच्या दोन कोपऱ्यांना पट्टे नव्हतेच.

इंजिन उभं ठेवून पाहिलं. खालचं पातं रस्त्यापासून चार बोटं वर राहत होतं. रस्त्याला पुरेशी जागा असेल तर इंजिन उभंच न्यावं. त्या स्थितीत कंसाची पूर्ण पाठ फळीला टेकलेली असते आणि झुलायला काही उरत नाही. चार बोटं पुरेशी नव्हती, पहिल्याच गतिरोधकाला पातं घासलं असतं. म्हणून इंजिन वर उचललं आणि कंसातली छोटी लोखंडी खुंटी पुढे ओढली. खट् आवाज झाला आणि इंजिन तिच्यावर विसावलं.

ही खुंटी प्रत्येक दर्यावर्दी रोज वापरतो. बोट किनाऱ्याला लावली की पंखा वाळूला लागू नये म्हणून इंजिन वर करायचं आणि खुंटी घालायची. तिचं काम तेवढंच, उभ्या बोटीतल्या वर उचललेल्या इंजिनाला क्षणभर धरायचं. रस्त्यावर वर उचललेल्या इंजिनाचा लांब पाय हवेत राहतो आणि प्रत्येक खड्ड्याला झोका घेतो. तो झोका आधी खुंटीवर येतो, तिथून कंसाच्या आडव्या दांड्यावर आणि शेवटी फळीच्या बोल्टांवर. खुंटी निसटू शकते आणि बोल्ट ढिले होतात. मोठ्या इंजिनांना इंजिन वर-खाली करणारा हायड्रॉलिक पंप असतो. त्याच्या भरवशावर इंजिन उचलून नेणारेही खूप आहेत. पण तेल हळूहळू उतरतं, आणि उतरलं नाही तरी पंप हा काही टेकू नव्हे.

माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलं होतं: ट्रॉलीवर नेताना या खुंटीवर विसंबू नका, इंजिन हादऱ्याने सुटून पडू शकतं, उभं नेणं शक्य नसेल तर वेगळा आधार द्या. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोटीतल्याच पेटीत ठेवलेली होती. मी ती दोन दिवसांनी उघडली.

खबरदारी म्हणून मी नायलॉनची दोरी इंजिनाच्या मानेला बांधून बोटीच्या फळकुटाला आवळली. पेट्रोलची नळी टाकीला जोडलेलीच राहिली.

पहाटे ४.४० — तीन तास चौतीस मिनिटं

कट्टा मागे टाकून कसालला मुंबई-गोवा महामार्गावर आलो. सपाट चौपदरी रस्ता, जीपचा काटा साठावर. मागे वळून पाहिलं तर टपरीच्या दिव्यात इंजिनाचा पाय डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे डुलताना दिसला. हँडलचं इंजिन मधोमध बांधून ठेवलं नाही तर असं डुलतंच. त्याने बोल्टांची भोकं रुंदावतात, हेही मला ठाऊक होतं. चांगल्या रस्त्याने मात्र मला निर्धास्त केलं. दिसलं आणि मी पुन्हा पुढे पाहिलं.

पहाटे ५.१५ — दोन तास एकोणसाठ मिनिटं

कणकवलीत चहा घेतला. मी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांवर हात ठेवून बेअरिंग तापलंय का पाहिलं, टायर दाबले, दिवे पाहिले. इंजिनाला हात लावला नाही.

दोरी सैल झाली होती. दादाने ती पुन्हा आवळली. दोरीने काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण तिला फक्त ओढता येतं, खालून पेलता येत नाही. शिवाय ती बोटीलाच बांधलेली होती. बोट उडाली की इंजिनही तिच्याबरोबर उडणार. ट्रॉलीशी इंजिनाचं नातं जोडणारं काहीच आम्ही ठेवलं नव्हतं.

सकाळी ६.०० — दोन तास चौदा मिनिटं

फोंडा आलं आणि घाट सुरू झाला. रिकामी बोट ट्रॉलीवर फार उडते. ट्रॉलीचे पाटे पूर्ण वजनासाठी घडवलेले असतात, ओझं कमी असलं की ते लवत नाहीत आणि रस्त्याचा धक्का जसाच्या तसा वर पाठवतात. त्यात आमच्या बोटीची पिछाडी मोकळी. मागचं चाक खड्ड्यात जाई, ट्रॉली खाली जाई, बोटीचा मागचा भाग क्षणभर अधांतरी राही आणि मग आदळे. इंजिन त्याहून एक क्षण उशिरा आदळे. त्या एका क्षणात पाऊणशे किलोचा धक्का पाऊणशे किलोचा राहत नाही, कितीतरी पट होतो.

म्हणूनच नुसता टेकूसुद्धा पुरत नाही. पिछाडी ट्रॉलीला बांधलेली नसेल तर टेकू ट्रॉलीबरोबर हलतो आणि इंजिन बोटीबरोबर. मग तोच टेकू खालून फळीला ठोसे मारू लागतो. आधी पिछाडी दोन पट्ट्यांनी ट्रॉलीला आवळायची, मग टेकू द्यायचा. हा क्रम चुकवून चालत नाही.

सकाळी ७.०० — एक तास चौदा मिनिटं

दाजीपूर. घाट संपला. जीपचं इंजिन तापलं होतं, म्हणून थांबलो. जंगलात धुकं होतं. दादा ट्रॉलीच्या मागे गेला आणि त्याने हाक मारली, "बाबू, हय बघ."

कंसाखालून तपकिरी पाण्याचा एक ओघळ फळीवर उतरला होता. पावसाचा थेंब नव्हता, बोट आठ दिवस कोरडी होती. ओघळाच्या शेजारी पांढऱ्या फायबरवर केसाएवढी एक रेघ, बोल्टापासून कोपऱ्याकडे गेलेली.

मी बोटाने ओघळ पुसला. "गंज असात," मी म्हणालो.

गंज नव्हता तो. कुजक्या लाकडात साठलेलं पाणी दाबाने पिळून बाहेर येत होतं. नऊ दिवसांपूर्वी हातोडीने जे सांगितलं तेच आता फळी स्वतः सांगत होती. पुढचा सगळा रस्ता उताराचा आणि वस्तीचा होता. तिथे इंजिन उतरवून जीपमध्ये घातलं असतं तर आम्ही फक्त तासभर उशिरा पोहोचलो असतो. "चला मालक, ऊन वाढायच्या आत पोचू," ड्रायव्हर म्हणाला. त्याला माझी बोट माहीत नव्हती. मला माहीत होती. तरी मी जीपमध्ये बसलो.

सकाळी ७.५० — चोवीस मिनिटं

राधानगरी. इथल्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी चढलं की ते आपोआप उघडतात आणि पंचगंगेच्या काठची गावं जागी होतात. आमची बोट त्याच पाण्यात माणसं काढायला चालली होती.

बाजाराजवळच्या गतिरोधकावर मागून खाडकन आवाज आला. उतरून पाहिलं तर खुंटी निसटून इंजिन धाडकन उभं झालं होतं. खुंटीचं टोक वाकलेलं होतं. दोरी तुटायच्या बेतात होती. रेघ आता केसाएवढी नव्हती, तिच्यात नख जात होतं.

पुस्तिकेत जे होणार म्हणून लिहिलं होतं ते होऊन गेलं होतं आणि त्यात कुणाला इजा झाली नव्हती. इतका स्पष्ट इशारा फार थोड्यांना मिळतो. आम्ही काय केलं? दोघांनी मिळून इंजिन पुन्हा वर उचललं, वाकलेली खुंटी दगडाने ठोकून जागेवर बसवली आणि दुसरी दोरी बांधली.

सकाळी ८.१० — चार मिनिटं

भोगावतीच्या बाजूने रस्ता जातो. दोन्ही अंगांना ऊस. मागे एक मोटारसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले. समोरून ट्रक येत होते, त्यामुळे त्या दूधवाल्याला पुढे काढता येत नव्हतं. तो आमच्या मागेच राहिला, दोन-तीन बोटींच्या अंतरावर.

सकाळी ८.१४

गावाच्या तोंडाशी रंग उडालेला गतिरोधक होता. ड्रायव्हरला तो उशिरा दिसला. जीप गेली, ट्रॉली उडाली, आदळली.

लाकूड फाटतं तसा आवाज नव्हता. ओलं कापड फाडल्यासारखा होता. कंस, चार बोल्ट आणि हातभर रुंद फळी असं सगळं इंजिनासकट मागे कलंडलं. दोरीने ते क्षणभर धरलं, रस्त्यावर फरफटत नेलं, मग दोरी तुटली. पंख्याची पाती वर करून इंजिन रस्त्याच्या मधोमध आडवं झालं. दूधवाल्याने ब्रेक दाबला असावा. मोटारसायकल इंजिनाला धडकली आणि तो कडेच्या चारीत जाऊन पडला.

दूध रस्ताभर पसरलं. नळी तुटून टाकीतलं पेट्रोल त्यात मिसळत होतं. कुणीतरी ओरडलं, "इडी पेटवू नका कुणी!" उसातून माणसं धावत आली, पेट्रोलवर घमेल्याने माती टाकली, १०८ ला फोन केला. मी दूधवाल्याजवळ पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. उजवी मांडी नको तिथून वाकली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "कॅन बघा की कुणीतरी. लोकाचं दूध हाय."

सकाळी ८.५० — छत्तीस मिनिटांनंतर

रुग्णवाहिका आली. मी तिच्यातून कोल्हापूरला गेलो. दादा रस्त्यावर थांबला, पोलिसांना सगळं खरं सांगितलं. इंजिनाला चिकटून आलेल्या फळीचा तुकडा त्याने माझ्यासाठी ठेवून दिला. आतलं प्लायवूड काळं पडलेलं होतं आणि बोटाने उकरलं की भिजक्या पावासारखं सुटत होतं.

चार महिन्यांनंतर

दूधवाल्याच्या मांडीत सळई घातली. चार महिने त्याच्या घरचं दूध त्याच्या बायकोने डोक्यावरून डेअरीत नेलं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. पण चार महिन्यांचं चालणं कुणाला भरून देता येत नाही. शिरोळच्या त्या गावाला पावसाआधी बोट मिळाली नाही. त्या वर्षी पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत चढलं नाही, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

पुढचा मे, पहाटे ३.३०

फळी पूर्ण उघडली, नवं प्लायवूड घातलं, प्रत्येक भोकात सीलंट भरलं. बोट त्याच गावाला, त्याच रस्त्याने नेली. या वेळी निघण्याआधी काय केलं ते क्रमाने लिहितो.

ट्रॉलीच्या मागच्या आडव्या लोखंडाला वेल्डरकडून टेकूसाठी पकड बसवून घेतली. बोटीची पिछाडी दोन्ही कोपऱ्यांतून रॅचेटच्या पट्ट्यांनी ट्रॉलीला आवळली. नाळेला विंचचा हूक आणि शिवाय एक साखळी. इंजिन मधोमध आणून हँडल बांधलं. टेकू लावला, इंजिनाचा पाय बेचकीत बसवला आणि पट्ट्याने टेकूला खाली आवळून टाकला. पंपाचं इंजिन असेल तर या जागी ते किंचित खाली उतरवून टेकूवर दाबून ठेवायचं, म्हणजे मधे फट उरत नाही. पेट्रोलची नळी काढली, टाकी जीपमध्ये ठेवली. वर उचललेल्या इंजिनाखाली या सगळ्या वेळात कुणी डोकं घातलं नाही, टेकू लागल्यावरही नाही. खुंटीला आम्ही हात लावला नाही.

दादाने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं लागली होती.

कसाल, कणकवली, फोंडा, दाजीपूर, प्रत्येक ठिकाणी उतरून मी इंजिनाला हात लावला. राधानगरीच्या पुढे त्या गतिरोधकाच्या अलीकडे गाडी उभी करायला सांगितली. मागून दुधाच्या दोन गाड्या येत होत्या, त्या आधी पुढे जाऊ दिल्या. मग इंजिनाचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि अंगात होती तेवढ्या ताकदीने हलवला.

इंजिन हललं नाही. बोट, ट्रॉली आणि तिच्याबरोबर जीपचं मागचं बंपर, सगळं एकत्र हललं. मग आम्ही गतिरोधक ओलांडला.